हवेसकट आकडा

आवाजाचा वेग किती, असं शाळा शिकलेल्या कुणालाही विचारून बघा. ज्यांना आठवतं ते ‘सेकंदाला ३४० मीटर’ असं ताडकन सांगतात. कुणी ३३२ म्हणतं, कुणी ३४३. गंमत अशी की तिघंही बरोबर असू शकतात आणि तरी तिघांचंही उत्तर अपुरंच आहे. कारण हा वेग कुठल्या तापमानाच्या हवेतला, हे सांगणाराही सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आकडा सांगायचा तर तो त्याच्या हवेसकट सांगावा. नाहीतर तो आकडा परीक्षेत एक मार्क मिळवून देतो आणि प्रत्यक्षात नेमका हवा तेव्हा दगा देतो. मी मराठी आणि भूगोल शिकवणारा माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला. तेव्हा ‘गुरुजी, हा तुमचा विषय नव्हे’ असं म्हणायला मंडळी मोकळी आहेत. पण हवा हा भूगोलाचाच विषय की नाही? आणि या हवेचा परिणाम मला सगळ्यात स्वच्छ कुठे दिसला असेल, तर तो बंदुकीच्या गोळीत. ऐकून दचकू नका, पुढे वाचा.

आधी थोडा हिशेब. शून्य अंश सेल्सियसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर पडते. म्हणजे २० अंशाला ३४३, ३० अंशाला ३४९ आणि ३५ अंशाला ३५२. आपल्या भाईंदरला जानेवारीच्या पहाटे १७ अंश असतील तर ३४१ आणि मे महिन्यातल्या दुपारी ३५ अंश असतील तर ३५२. त्याच खाडीवर, त्याच मिठागरांवर, वर्षभरात दहा-अकरा मीटरचा फरक! हवेतल्या दमटपणाने वेग किंचित वाढतो, पण तो फरक फार थोडा. आणि हवेच्या दाबाचं म्हणाल तर तापमान तेच राहिलं तर नुसत्या दाबाने काही बिघडत नाही. खरा धनी तापमानच.

हे कोडं मोठमोठ्यांनाही चकवून गेलंय. खुद्द न्यूटनने आवाजाचा वेग गणिताने काढला तेव्हा उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आलं. आवाजाची लाट जाताना हवा दाबली जाते आणि क्षणभर तापते, ते तापणं त्याच्या हिशेबात नव्हतं. ती दुरुस्ती फ्रान्सच्या लाप्लासने १८१६ मध्ये सुचवली. म्हणजे आवाज आणि उष्णता यांची गाठ सुटी करता येत नाही, हे कळायलाही शंभराहून जास्त वर्षं लागली.

आता गोळीकडे येऊ. बंदूक उडते तेव्हा आवाज एक नसतो, दोन असतात. एक नळीच्या तोंडाशी तापलेला वायू फुटून बाहेर पडतो त्याचा ‘धड्डाम’. दुसरा, गोळी आवाजापेक्षा जोरात जात असेल तर तिच्याबरोबर जाणाऱ्या धक्क्याच्या लाटेचा चाबकासारखा ‘कडाड’. ही लाट अर्न्स्ट माखने फोटोत पकडून १८८७ मध्ये लोकांपुढे मांडली. आवाजाच्या किती पट वेग, हे सांगायला आपण ‘माख’ म्हणतो ते त्याच्याच नावाने. गोळी आवाजापेक्षा हळू असेल तर हा दुसरा आवाज होतच नाही. अशा काडतुसांना नेमबाज मंडळी ‘सबसॉनिक’ म्हणतात.

पण मुद्दा नुसत्या आवाजाचा नाही, नेमाचाही आहे. वेग आवाजाच्या अगदी जवळ आला की गोळीभोवतीची हवा कुठे आवाजाहून जलद, तर कुठे हळू वाहू लागते. त्या गोंधळात गोळी किंचित डगमगते. पॉइंट टू टू (.२२) रायफलची स्पर्धेची काडतुसं म्हणूनच मुद्दाम हळू ठेवलेली असतात. नळीच्या तोंडाशी त्यांचा वेग साधारण ३२५ ते ३३० मीटर. याच मापाची ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसं ३८० च्या आसपास जातात, पण अचूक नेमाच्या स्पर्धेत त्यांना कुणी विचारत नाही.

आता ही ३३० मीटरची गोळी घ्या आणि नुसती हवा बदलत जा. ३५ अंशाला तिचा वेग आवाजाच्या ९४ टक्के. २० अंशाला ९६ टक्के. शून्याला ९९.६ टक्के, म्हणजे उंबरठ्यावरच. आणि उणे १० अंशाला तीच गोळी आवाजाला दीड टक्क्याने मागे टाकते! गोळीने काहीच केलं नाही, खाली आला तो उंबरठा.

माझा एक भाचा बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याला नेमबाजीचा छंद आहे आणि तिथल्या पुष्कळ लोकांप्रमाणे तो काडतुसं घरी स्वतः भरतो. (पॉइंट टू टूची नव्हेत. त्यात पेट घेणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतं, ती पुन्हा भरण्याजोगी नसतात. हा मोठ्या मापाची भरतो.) शेजाऱ्यांना त्रास नको आणि कानालाही सुख म्हणून त्याने सबसॉनिक भरायला घेतली. जुलैत, ३० अंशात, वेग मोजायच्या यंत्रावर ३२५ च्या आसपास आकडे आले. आवाजाची हद्द ३४९ ला, म्हणजे मधे चांगलं चोवीस मीटरचं अंतर. पठ्ठ्या खूश. जानेवारीत उणे २० अंशात त्याच डब्यातली काडतुसं उडवली तर काही गपचूप गेली आणि काही कडाडली. मला फोनवर म्हणाला, “मामा, बंदूक तीच, डबा तोच, हवा तेवढी बदलली.”

उणे २० ला आवाजाची हद्द ३१९ वर येते. नुसता एवढाच हिशेब असता तर सगळीच काडतुसं कडाडायला हवी होती. पण थंडी दुसरीकडूनही खेळते. काडतुसातली दारू थंड झाली की जळायला मंदावते, त्यामुळे गोळीचाच वेग कमी होतो. म्हणजे थंडी एका हाताने हद्द खाली आणते आणि दुसऱ्या हाताने गोळीला मागे ओढते. यात कोण जिंकेल ते दारूच्या जातीवर अवलंबून. काही दारू तापमानाला फार हळव्या असतात, काही कमी. आणि एका डब्यातलं प्रत्येक काडतूसही दोन-चार मीटरने वेगळं. म्हणून काही इकडे पडली, काही तिकडे.

मग थंडीसाठी दारू कमी करायची, असं कुणालाही वाटेल. इथेच धोका आहे. सबसॉनिक काडतुसात दारू मुळातच थोडी, अर्धअधिक पोकळीच. ती आणखी कमी केली आणि वर थंडीने मंदावली, तर गोळी नळीतच अडकू शकते. ते न कळता मागून दुसरी उडवली तर नळी फुटून हात, डोळा, जीव, काहीही जाऊ शकतं. म्हणून तिकडचे जाणते लोक अंदाजाने काही करत नाहीत. छापील तक्त्याबाहेर जात नाहीत आणि ऋतू बदलला की वेग नव्याने मोजतात. भाच्याकडे एक वही आहे. तिच्यात प्रत्येक ओळीला पहिला रकाना तापमानाचा. वेग त्याच्यानंतर. ही वही मला फार आवडली. आकडा हवेसकट, तो हाच!

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्ट, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. तेव्हा हे वाचून कुणी घरी उद्योग करू नये. पण म्हणून ‘दारू आणि हवा’ हे नातं आपल्याला परकं आहे असं नाही. कोकणात रानडुकरं-माकडांपासून शेती राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वरून गजाने ठासायची. काडतूस हातानं भरण्याचा हा मूळपुरुषच! तिथला म्हातारा शेतकरी तुम्हाला सांगेल की पावसाळ्यात दारू सादळते, चाप ओढला तर नुसतं फुसकन होतं. त्याला माख ठाऊक नाही, पण दारूचा गुण हवेसकट सांगायचा असतो हे पक्कं ठाऊक आहे.

दुसरं उदाहरण सरकारी. जळगाव जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनतात. मे महिन्यात ४५ अंशांना भाजून निघणाऱ्या त्या मुलखात बनलेलं काडतूस सियाचिनच्या बर्फातही उडायला लागतं आणि राजस्थानच्या वाळूतही. ती काडतुसं सबसॉनिक नसतात, आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने जातात, त्यामुळे आपला उंबरठ्याचा प्रश्न तिथे येत नाही. पण दारू मंदावण्याचा प्रश्न येतोच. म्हणून लष्करी दारूगोळा कडक उन्हाच्या आणि कडाक्याच्या थंडीच्या अशा दोन्ही तापमानांत ठेवून तपासतात. सैन्याला जे कळतं ते आपल्या क्रीडाक्षेत्रात तितकंच मुरावं, असं मला वाटतं. कारण तिथे आपली पोरं आहेत.

१ ऑगस्ट २०२४ आठवा. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी फ्रान्समधल्या शातोरू गावी होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ पदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं पहिलंच ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ७२ वर्षांनी. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद आणलं होतं. दोघांचाही खेळ याच पॉइंट टू टू सबसॉनिक काडतुसाचा. (अंजली भागवतची दहा मीटरची एअर रायफल वेगळी. तिचा छर्रा आवाजाच्या निम्म्या वेगाने जातो, त्यामुळे तो उंबरठ्यापासून सुरक्षित.)

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं, ठाऊक आहे? १०.४ मिलिमीटर. आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. ३३० च्या वेगाने सुटलेली गोळी तिथे पोचेपर्यंत बारा सेंटिमीटर खाली येते. ते धरूनच नेम लावलेला असतो. पण वेग फक्त पाच मीटरने कमी झाला, तर गोळी आणखी जवळपास ४ मिलिमीटर खाली जाते. या लक्ष्यावर गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजे बरोबर मध्यावर लागणारी १०.९ ची गोळी १०.४ वर येते. अर्धा गुण गेला. शेवटच्या फेरीत दशांशांवर माणसं बाहेर पडतात.

आता दिल्लीची तुघलकाबादजवळची कर्णीसिंग रेंज घ्या. जानेवारीत सकाळी ५ अंश असतील तर आवाजाची हद्द ३३४, आणि मे महिन्यात दुपारी ४२ असतील तर ३५६. आमच्या वरळीच्या रेंजवर वर्षभर सराव केलेलं पोर निवडीसाठी थंडीत दिल्लीला उतरतं, तेव्हा त्याची काडतुसं आवाजाच्या ९४ टक्क्यांवरून पावणेनव्व्याण्णव टक्क्यांवर पोचलेली असू शकतात. थंड हवा घट्टही असते. शून्य अंशाची हवा ३५ अंशाच्या हवेपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी दाट, ती गोळीला जास्त अडवते. काडतुसावरचं मेणही थंडीत कडक होतं. पोर म्हणतं, आज हात बरोबर नाही. हात बरोबर असतो हो! त्याला कुणी हवा सांगितलेली नसते.

यावर जाणकार म्हणतील, गुरुजी, सामन्याआधी सरावाच्या गोळ्या मिळतात, त्यात नेम दुरुस्त करून घेतात. खरं आहे. पण त्या दुरुस्तीने सरासरी जागेवर येते, विखुरणं जात नाही. थंडीत एखाद्या लॉटच्या गोळ्या जास्त विखरत असतील तर नेम फिरवून ते थांबत नाही, लॉटच बदलावा लागतो. दुसरं म्हणणं असं, की वाऱ्याने याहून मोठा फरक पडतो. तेही खरं. पण वारा दिसतो. रेंजवर त्यासाठी झेंड्या लावलेल्या असतात. तापमानाला झेंडी नसते, म्हणून ते कुणी मोजत नाही. आणि तिसरं म्हणणं, की काडतूस बनवणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी हे सगळं आधीच पाहिलेलं असतं. पाहिलंय ना! लापुआने बर्फातल्या बायथलॉनसाठी थंडीत चालणारं काडतूस वेगळं काढलंय. म्हणजे हवा बदलली की काडतूस बदलावं लागतं, हे त्यांना मान्य आहे. आपण ते वाचत नाही, एवढंच.

मोठ्या खेळाडूंकडे यासाठी माणसं असतात. आपल्या रायफलच्या नळीला कुठला लॉट मानवतो, हे ते परदेशात जाऊन तपासूनही आणतात. प्रश्न त्यांचा नाही, प्रश्न खालच्या पायरीवरच्या पोराचा आहे. परदेशी काडतुसं महाग. मिळेल तो लॉट घ्यायचा आणि मोजून मापून उडवायचा, अशी त्याची स्थिती. त्याला निदान तीन गोष्टी मिळाव्यात. रेंजच्या भिंतीवर एक तापमापक. वेग मोजायचं एक यंत्र, सगळ्यांना मिळून एकच चालेल. आणि एक वही, जिच्यात तारीख, तापमान, लॉट, वेग आणि गोळ्यांचा विखुरलेपणा इतकंच लिहायचं. क्रीडा संकुलांना कोट्यवधींच्या छपराखाली एवढी जागा सहज मिळेल. दोन-तीन वर्षांच्या वह्या जमल्या की आपला लॉट कुठल्या हवेत चालतो आणि कुठल्या हवेत रुसतो ते पोरांना आपसूक कळेल. मोजणारं पोर स्वतःला विनाकारण दोष देत नाही. माझ्या मते पदकापेक्षाही ही कमाई मोठी.

कॉलेजात एन. सी. सी. मध्ये असताना मीही पॉइंट टू टूच्या पाच गोळ्या उडवल्यात. श्वास रोखा, खांदा घट्ट ठेवा, चाप ओढू नका, दाबा, इतकं सगळं आम्हाला शिकवलं. हवेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. पाच गोळ्यांपुरतं ते चाललं. साठ गोळ्यांच्या सामन्याला कसं चालेल?

आणि शेवटी शाळेबद्दल, कारण खोड जात नाही. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो हे दिलेलं आहे. पुस्तकाचा दोष नाही. पण गाळलेल्या जागा भरताना, जोड्या लावताना, प्रश्नपेढीतून जाताना तापमान हळूहळू गळून पडतं आणि मुलाच्या डोक्यात नुसता आकडा उरतो. पाण्याचंही तेच. ‘१०० अंशाला उकळतं’, बस्स. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथली डाळ शिजायला वेळ का लागतो हे त्यामुळे मुलाला जोडताच येत नाही. शिक्षकांनी एक नियम केला तर पुरे. अट न लिहिता आकडा लिहिला, तर अर्धाच मार्क. पहिल्या चाचणीत पोरं कुरकुरतील, दुसऱ्या चाचणीत आपणहून लिहायला लागतील.

भाईंदरच्या मंडळींनी एक करून बघावं. थंडीत पहाटे खाडीच्या बाजूला उभं राहावं. पलीकडच्या नायगावच्या अंगाने येणारी लोकल दुपारी मुळीच ऐकू येत नाही, पहाटे मात्र अगदी जवळ आल्यासारखी वाजते. पहाटेची शांतता हे एक कारण आहेच. पण दुसरं असं की पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते. वर आवाज जलद, खाली हळू, त्यामुळे वर निघालेला आवाज वळून खाली येतो. याला ना यंत्र लागतं, ना बंदूक. बरोबर नातवंड असेल तर त्याला आधी तापमान बघायला सांगा, मग ऐकायला सांगा. आणि कुणाच्या घरात नेमबाजी करणारं पोर असेल तर त्याच्या वहीत तापमानाचा रकाना आहे का, तेवढं विचारा. नसेल तर आजच आखून द्या. आणि तुमच्या कामाधंद्यात असे हवेविना फिरणारे आकडे कुठले आहेत, तेही जरूर कळवा. मला यादी करायची आहे.